मध्यम आकाराची लक्झरी सेडान घेण्याआधी: पार्किंगच्या मापापासून आरसीवरच्या नावापर्यंत

मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीज, ऑडी ए६, लेक्सस ईएस. आपल्याकडे मध्यम आकाराची लक्झरी सेडान म्हटले की याच चार-पाच नावांभोवती बोलणे फिरते. पहिल्यांदाच या वर्गात शिरणारा माणूस दोन गोष्टींकडे बघतो, शोरूममधली किंमत आणि महिन्याचा हप्ता. खरा हिशेब त्याच्या पुढे सुरू होतो. पाऊण कोटीची गाडी पाच वर्षांनी पस्तीस लाखांना मिळू शकते, पण तिचा हेडलॅम्प पस्तीस लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नवी घ्या नाहीतर जुनी, प्रत्येक पायरीवर हे डोक्यात असू द्या.

१. मालक पुढे बसणार की मागे?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण त्याच्या उत्तरावर गाडी बदलते. सध्याची ई-क्लास आणि ५ सिरीज आपल्याकडे लांब व्हीलबेसमध्येच (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) येतात, अनुक्रमे ३०९४ आणि ३१०५ मिलिमीटर. म्हणजे कंपनीने गृहीतच धरले आहे की स्टिअरिंगवर ड्रायव्हर आहे आणि मालक मागच्या डाव्या सीटवर. ए६चा व्हीलबेस २९२४ मिलिमीटर. मागे जागा कमी, पण स्वतः चालवणाऱ्याला गावात ती जास्त सोपी जाते.

ड्रायव्हर ठेवणार नसाल आणि आठवड्यातले सहा दिवस एकटेच ऑफिसला जाणार असाल, तर मागचे आरामखुर्चीसारखे आसन आणि खिडक्यांचे इलेक्ट्रिक पडदे यांचे पैसे तुम्ही दुसऱ्यासाठी भरताय. अशा माणसाने एक पायरी खाली उतरून सी-क्लास किंवा ३ सिरीज बघावी. त्यात कमीपणा काही नाही.

घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना घेऊन जा. सेडानची सीट खाली असते. आत बसताना आणि त्याहून जास्त बाहेर येताना गुडघे बोलतात. कितीही मऊ लेदर असले तरी रोज हात देऊन उठवावे लागणार असेल, तर त्याच पैशांतली जीएलसी किंवा एक्स३ एसयूव्ही त्या घराला जास्त योग्य.

२. टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा

ही पायरी बहुतेक जण बुकिंगनंतर करतात. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली आहे. आता लांबी बघा: ई-क्लास ५०९२ मिलिमीटर, ५ सिरीज ५१६५, लेक्सस ईएस ४९७५, ए६ ४९३९. पहिल्या दोन्ही पट्ट्याच्या बाहेर येतात. उघड्या पार्किंगमध्ये नाक थोडे पुढे आले तर शेजारी फार तर कुरकुर करतील. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींतल्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये मात्र प्लॅटफॉर्मची लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांची मर्यादा ठरलेली असते आणि सेन्सर गाडी आत घेतच नाही. सोसायटीच्या ऑफिसातून या मर्यादा लेखी घ्या. आरसे उघडे धरले तर या गाड्या दोन मीटरच्या पुढे जातात, तेव्हा खांबांमधले अंतरही मोजा.

दुसरे माप उताराचे. लांब व्हीलबेसची गाडी बेसमेंटच्या रॅम्पवर जिथे उतार संपतो तिथे पोटाला घासते, आणि गावाबाहेरच्या हाताने बनवलेल्या उंच स्पीडब्रेकरवरही. शोरूमवाल्यांना डेमो कार तुमच्या इमारतीत आणायला सांगा. चार माणसे बसवून ती रॅम्पवरून खाली-वर न्या. रिकाम्या गाडीची चाचणी फुकट जाते. भरल्यावर गाडी आणखी खाली बसते.

३. हिशेब कागदावर मांडा

उदाहरणासाठी ७५ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी घेऊ. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस न लावता सरळ ४० टक्के जीएसटी आहे आणि तो या ७५ लाखांतच धरलेला असतो. त्यावर महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पासिंग करताना, २० लाखांच्या पुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर, म्हणजे ९ लाख ७५ हजार. डिझेलला १५ टक्के, म्हणजे ११ लाख २५ हजार. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० ऐवजी ३० लाख झाली, पण या वर्गाला तिचा फरक पडत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) लागतो, ७५ हजार. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती मात्र जपा आणि नोंद तुमच्या पॅनवर दिसते का ते तपासा. विम्याला पूर्ण संरक्षणासह अडीच-तीन लाख धरले तर रस्त्यावर येईपर्यंत गाडी ८८ लाखांच्या आसपास जाते.

यातले ६० लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता साधारण १ लाख २४ हजार ५०० रुपये आणि एकूण व्याज पावणेपंधरा लाखांच्या घरात.

आता खरा आकडा. ८८ लाखांची गाडी पाच वर्षांनी ३५ लाखांना गेली असे धरा. ५३ लाख भागिले ६० महिने, म्हणजे महिन्याला ८८ हजार रुपये नुसते किमतीतली घट म्हणून गेले, पेट्रोलचा थेंब टाकायच्या आधी. वर्षाला १२ हजार किलोमीटर, शहरात लिटरला ९ किलोमीटर आणि १०४ रुपये भाव धरला तर इंधन वर्षाला १ लाख ३९ हजार, महिन्याला साडेअकरा हजार. या वर्गात मायलेजवरून घासाघीस करणारे लोक चुकीच्या रकमेकडे बघत असतात, ते यामुळेच.

कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांना दोन सूचना. महाराष्ट्रात कंपनीच्या नावाच्या गाडीला २० टक्के कर लागतो. आपल्या उदाहरणात १५ लाख, म्हणजे सव्वापाच लाख जास्त. आणि 'जीएसटी परत मिळतो' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गाड्या विकणे, भाड्याने प्रवासी नेणे किंवा ड्रायव्हिंग शिकवणे हा धंदा नसेल तर साध्या मोटारीवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. मिळतो तो घसारा, वर्षाला १५ टक्के, घटत्या किमतीवर. ज्या आर्थिक वर्षात गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षापुरता निम्मा. मालकी पेढी असेल तर स्वतःच्या नावावर १३ टक्क्यांत पासिंग करूनही धंद्याच्या वापरापुरता घसारा मागता येतो. सह्या करण्याआधी सीएकडे बसा.

४. इंजिन: रोजचा रस्ता ठरवेल

डिझेलचा मोह पडतो, कारण हायवेवर ते सुंदर चालते. पण बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला सलग पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने चाललेली, चांगली तापलेली गाडी लागते. रोज चार किलोमीटर बँकेपर्यंत आणि परत, असा वापर असेल तर हे जळणे अर्धवट राहते, जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि शेवटी फिल्टरचा दिवा लागतो. आठवड्यातून एकदा पुणे-मुंबई करणाऱ्याला हा त्रास होत नाही. डिझेल ई-क्लासला अ‍ॅडब्लूही लागते. टाकी संपत आली की गाडी उरलेले किलोमीटर मोजून दाखवते आणि शून्यावर आल्यावर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. ते पाण्यात विरघळवलेल्या युरियाचे द्रावण आहे. डिझेलच्या टाकीत चुकून ओतले तर पूर्ण इंधनव्यवस्था काढावी लागते, म्हणून पंपावर दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल, आणि गर्दीतच फिरणार असाल तर लेक्सस ईएसचा हायब्रिड. सिग्नलला अडकलेल्या गर्दीत त्याच्याइतके कमी पेट्रोल या यादीत दुसरे कोणी पीत नाही. चालवायला मात्र तो यातला सगळ्यात निवांत, काहींच्या मते कंटाळवाणा.

५. टायर आणि खड्डे

टायरवर २४५/४५ आर १८ लिहिले असेल तर रुंदी २४५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर. खड्ड्याचा दणका आणि रिम यांच्यामध्ये एवढेच रबर. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ६०च्या वेगाने चाक गेले की टायरच्या बाजूला फुगा येतो. आतले धागे तुटलेले असतात. त्याची दुरुस्ती होत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून एकाच गाडीत १८ आणि १९ इंची चाकांचा पर्याय असेल तर १८ घ्या. फोटोत १९ छान दिसते, एवढेच. रनफ्लॅट टायर असतील तर पंक्चरनंतर साधारण ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येते, पण त्यांची बाजू कडक असल्यामुळे बारीक खडबडही आत जाणवते.

स्टेपनी आहे का, ती डिकीत कशी बसते आणि ती असताना दोन मोठ्या बॅगा मावतात का, हे डिकी उघडून बघा. विमानतळावर कळण्यापेक्षा बरे.

समृद्धीसारख्या लांब काँक्रीटच्या रस्त्यावर निघताना टायर थंड असताना हवा तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या तक्त्यात असते आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो.

६. नवी की तीन-चार वर्षांची?

पैशाच्या हिशेबात जुनी जिंकते. ३५ लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी १४ लाखांना विकली तर घट महिन्याला ३५ हजार. देखभाल नवीच्या दुप्पट आली तरी गणित जमते. अट एकच, हातात पैसे शिल्लक हवेत. खिशात ३५ लाख आहेत म्हणून ३५ची गाडी घेऊ नका. तीस-एकतीसची घ्या आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गाडीच्या किमतीचे सगळे पैसे संपवून जुनी लक्झरी गाडी घेतलेला माणूस पहिल्या मोठ्या बिलाला ती तोट्यात विकायला काढतो. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच 'झटपट विक्री'च्या गाड्या अशाच आलेल्या असतात.

पिढी बदलते तेव्हा जुन्या पिढीचा भाव पडतो. नवी ५ सिरीज जुलै २०२४ मध्ये आणि नवी ई-क्लास त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. त्यामुळे आधीच्या पिढीतल्या २०२१-२३च्या गाड्यांचे भाव घेणाऱ्याच्या बाजूने आहेत. मागच्या पिढीची ई-क्लाससुद्धा लांब व्हीलबेसचीच होती, पुण्याजवळ चाकणला जोडलेली. इथे जोडली म्हणून पार्ट स्वस्त, असे मात्र नाही. बरेचसे बाहेरूनच येतात.

फार जुन्यात जाणार असाल तर इंजिनाचे नाव विचारा. २०१५ पर्यंतच्या बीएमडब्ल्यूमधली एन२० पेट्रोल आणि एन४७ डिझेल ही दोन्ही टायमिंग चेनसाठी बदनाम आहेत. एन४७ची चेन तर इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे मजुरीच प्रचंड. स्वस्त मिळते म्हणून हात घालू नका.

७. जुनी गाडी तपासताना

विक्रेत्याला आधीच सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण चेनची खडखड, निळा धूर आणि अडखळत सुरू होणे या गोष्टी थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांत कळतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. पांढरा, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातेय.

एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चारही चाकांवरची फट बोटांनी मोजा. एक कोपरा बसलेला असेल तर तिथली सस्पेन्शनची हवेची पिशवी गळते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि मग तोही जळतो, म्हणजे एका दोषाची दोन बिले.

पत्र्यासाठी रंगाची जाडी मोजायचे यंत्र वापरा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर ३०० लागले तर पुन्हा रंगवलेय, ५००च्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे. एका दाराला ओरखडा गेला म्हणून रंगवलेली गाडी वाईट नसते. छताला आणि खांबांना पुट्टी असेल तर मागे फिरा.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखणे आपल्याकडे फार महत्त्वाचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का, ते बघा. यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि कंट्रोल मॉड्यूलही खालीच बसवलेली असतात. त्यांत एकदा पाणी गेले की दोष वर्षभर एकेक करून वर येतात. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या तरी गालिचा ओला होतो, त्यामुळे ओला गालिचा म्हणजे पूरच असे नाही. पण दोन्हीत नुकसान एकाच जागी.

त्यानंतर स्कॅन. त्या कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी न्या आणि दोषांच्या यादीबरोबर 'रेडीनेस' तपासण्याही (गाडीचा संगणक चालताना स्वतःच करतो त्या) वाचायला सांगा. दोष शून्य पण तपासण्या अपूर्ण दिसल्या तर यादी नुकतीच पुसलेली आहे, किंवा बॅटरी काढली होती. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करायला विक्रेता नाही म्हणाला तर उत्तर मिळाले. जॅकवर घेतल्यावर ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती, कंट्रोल आर्मची फाटलेली रबरे आणि खालचे प्लास्टिकचे आवरण जागेवर आहे का, ते बघायचे. आवरण गायब असेल तर पोट घासलेले आहे.

गिअरबॉक्सचे ऑइल 'आयुष्यभराचे' असते, असे सांगितले जाते. बीएमडब्ल्यूत बसणारा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ते बदलायला सांगते. नोंद नसेल तर तो खर्च तुमच्या नावावर धरून भाव करा.

शेवटी मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवरून जुन्या नोंदी काढा. प्रत्येक भेटीचे किलोमीटर वाढत्या क्रमाने आहेत का ते बघा. २०२२ मध्ये ५२ हजार आणि आज मीटरवर ४४ हजार, असा चमत्कार दुर्मिळ नाही. किल्ल्या दोन्ही मागा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३१२२ म्हणजे २०२२ सालचा ३१वा आठवडा.

८. विमा

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे, १५०० सीसीवरच्या इंजिनाला २४,५९६ रुपये अधिक जीएसटी. बाकीचा भाग शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन भाव आणा, शोरूम आपोआप खाली येते.

झिरो डेप घ्याच. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते आणि या गाड्यांच्या बंपरपासून दिव्यांपर्यंत सगळीकडे प्लास्टिकच. इंजिन प्रोटेक्ट हवेच. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाते, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी याला अपघात मानत नाही. बंद पडली तर बंदच ठेवा, टोइंग बोलवा. टायर आणि रिमचे कव्हर पाच नंबरची पायरी वाचल्यावर वेगळे सांगायला नको. काच बदलली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन बिलात धरलेय का तेही बघा, नाहीतर लेनचे इशारे भलतीकडे येतात.

९. कागद

नव्या गाडीत फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. जानेवारीत घेतलेली गाडी सप्टेंबरची निघाली तर पुढे विकताना ती एका वर्षाने जुनी धरली जाते, तेव्हा सूट आत्ताच मागा.

जुनी राज्यातलीच असेल तर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेली ई-चलने नंबर टाकून बघा, ती गाडीबरोबर येतात. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत. तिकडून आणताना फॉर्म २८ची एनओसी लागते. गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवे पासिंग आणि वयानुसार कमी केलेल्या किमतीवर इथला कर भरावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मिळू शकतो, पण तो मिळेल असे धरून भाव करू नका. वाहतूक, कर, एजंट आणि फेऱ्या धरल्यावर दोन-तीन लाखांचा फरकच उरत असेल तर आपल्याच जिल्ह्यातली, डोळ्यांसमोर सर्व्हिस झालेली गाडी घ्या.

नावावर झाल्यावर जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून तुमचा लावा. आणि त्याच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या अ‍ॅपमधून गाडी त्याच्यासमोरच काढायला लावा. ती तिथे राहिली तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहते, आणि काही मॉडेलांत कुलूपही त्याच्या हातात असते.